आरोळी न ठोकणारा राक्षस

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी या वर्षी आठवी-नववीच्या मुलांनी स्वतःच एक नाटुकले लिहिले आहे. कोरड्या पडलेल्या एका ग्रहावरून एक सेनापती सांगलीत उतरतो आणि कृष्णेचे सगळे पाणी उचलून नेण्याचा घाट घालतो, अशी त्याची कथा आहे. सेनापतीची भूमिका नववीतल्या एका उंच मुलाकडे आहे. पहिल्याच तालमीला तो पुठ्ठ्याचे, चंदेरी कागद चिकटवलेले शिरस्त्राण घालून आला आणि मोबाइलवर आवाज घोगरा करणारे एक ॲपही त्याने शोधून ठेवले होते. प्रवेश करताच त्याने दोन्ही हात वर करून अशी काही गर्जना केली की खिडकीतली कबुतरे उडाली, आणि त्यानंतर दहा मिनिटे तो प्रत्येक वाक्य त्याच पट्टीत ओरडत राहिला. पहिल्या गर्जनेला बाकीची मुले दचकली, दुसरीला हसली आणि तिसरीपासून आपापसांत गप्पा मारू लागली.

मला त्याला रागावता येईना, कारण नकळत का होईना, तो आमच्या गावच्या परंपरेला धरूनच वागत होता. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले आणि त्यानंतरच्या पौराणिक नाटकांत राक्षसांचे प्रवेश हे मोठे आकर्षण होऊन बसले. रंगवलेले चेहरे, मोकळे सोडलेले केस, हातात परजलेली तलवार, राळेचा भपका आणि ‘अललल डुर्रर्र’ अशी आरोळी, असा सगळा थाट असे. पुढे ज्यांना या नाटकांची टर उडवायची होती त्यांनी त्या आरोळीवरूनच त्यांना ‘अललडुर्र’ नाटके असे नाव दिले. मला ती टर थोडी अन्यायाचीच वाटते, कारण त्या उजेडात, त्या गर्दीत, पुढच्या रांगेतले मूल आईच्या पदराआड दडत असेल तर राक्षसाने आपले काम चोख केले असेच म्हणावे लागेल. मात्र त्या प्रवेशात नटाच्या वाट्याला फार थोडे उरत असे. भीती घालण्याचे काम रंग, राळ आणि आरोळी करत होती.

विज्ञानपटातला खलनायक हा त्याच राक्षसाचा वंशज आहे. राळेच्या जागी संगणकावर रचलेल्या ज्वाळा आल्या आणि मोकळ्या केसांच्या जागी धातूचे शिरस्त्राण आले. पण गेली तीसेक वर्षे हे चित्रपट आवडीने पाहताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली आहे, आणि ती थोडी उलटी आहे. हे चित्रपट नटाला जेवढे देतात त्याहून अधिक त्याच्याकडून काढून घेतात. कधी चेहरा काढून घेतात, कधी आवाज, कधी सगळे शरीर, कधी समोरचा सहकलाकार. मुरलेला नट गेलेल्या गोष्टीची भरपाई आरडाओरडा करून करत बसत नाही; जे एखाद-दुसरे साधन हातात उरले असेल त्यावर तो भूमिकेचा सगळा भार टाकतो. माझ्या मते खलनायकाची खोली तिथून येते.

हे मला पुस्तकांतून कळलेले नाही. महाविद्यालयात असताना आम्ही सांगलीतच एक एकांकिका बसवली होती. धरणाचे दरवाजे सांभाळणारा एक संगणक पुराच्या रात्री कोणते गाव बुडवायचे आणि कोणते वाचवायचे हे स्वतःच ठरवू लागतो, असा तिचा विषय होता. मी तो संगणक होतो. म्हणजे प्रत्यक्षात मी विंगेत एका स्टुलावर बसलेला असे आणि आवाज यांत्रिक वाटावा म्हणून मातीच्या माठात तोंड घालून, एकेक अक्षर तोडून बोलत असे. पहिल्या प्रयोगाला माझ्या तिसऱ्या वाक्यापासून प्रेक्षागृहात जी खसखस पिकली ती मला आजही ऐकू येते. प्रयोगानंतर आमचा दिग्दर्शक एवढेच म्हणाला, “अरे, तू यंत्र आहेस हे लोकांना नेपथ्यावरूनच कळलंय. ते तू कशाला सांगत बसतोस? तुला पाणी का सोडायचंय, ते सांग.” दुसऱ्या प्रयोगाला माठ घरी राहिला. सरकारी कचेरीच्या खिडकीमागचा कारकून ज्या निर्विकार सौजन्याने “आता वेळ संपली, उद्या या” म्हणतो, त्या आवाजात मी गावे बुडवली. त्या दिवशी कोणी हसले नाही. श्रेय माझे नव्हते, हे मला काही वर्षांनी ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ पाहिल्यावर समजले, कारण हेच काम एका खऱ्या मोठ्या नटाने १९६८ सालीच करून ठेवलेले होते.

त्या चित्रपटातील हॅल नावाच्या संगणकाला शरीर नाही. भिंतीत बसवलेले एक लाल भिंग आणि एक आवाज, एवढेच त्याचे अस्तित्व. तो आवाज डग्लस रेन यांचा. रेन हे कॅनडातील स्ट्रॅटफर्डच्या नाट्यमहोत्सवात पहिल्यापासून असलेले, शेक्सपिअरच्या भूमिका करणारे रंगभूमीवरचे नट. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांनी त्यांचा आवाज विश्वावरच्या एका कॅनेडियन माहितीपटात निवेदक म्हणून ऐकला होता. हॅलचे संवाद त्यांनी चित्रीकरण उरकल्यानंतर, एकट्याने, अगदी थोड्या अवधीत ध्वनिमुद्रित केले. अंतराळवीरांची कामे करणाऱ्या नटांसमोर ते कधी उभेच राहिले नाहीत. शेक्सपिअरच्या नाटकांत ज्या माणसाने आवाजाचे सगळे चढउतार कमावले, त्याच्याकडे येथे चढउतार जवळजवळ बंद करण्याचे काम आले.

आणि त्यांनी ते पूर्ण बंद केले नाहीत, हे महत्त्वाचे आहे. हॅलचा आवाज लक्ष देऊन ऐकावा. तो यंत्रासारखा मुळीच नाही. चित्रपटातील दोन्ही अंतराळवीर त्याच्याहून अधिक कोरडे बोलतात. हॅल आस्थेने चौकशी करतो, चित्रांचे कौतुक करतो, बुद्धिबळात जिंकल्यावरही नम्र राहतो, आणि त्यांतल्या डेव्ह या अंतराळवीराला यानाबाहेर अडकवून ठेवून दार उघडायला नकार देतानाही त्याच्या सुरातली अदब ढळत नाही. आपल्याकडे अशी अदब ज्यांनी सोसली आहे त्यांना तिच्यातली क्रूरता समजावून सांगावी लागणार नाही. रेन यांनी बारीकशी जागा ठेवली आहे ती वेगळीच. आपल्याकडून चूक होऊच शकत नाही असे हॅल सांगतो तेव्हा त्या शांत सुरात अभिमान आहे, आणि ज्याला अभिमान आहे त्याला भीतीही असणार, हे आपल्याला पुढे बरेच उशिरा उमगते. शेवटी डेव्ह त्याच्या स्मृतीचे एकेक पान उपसून काढू लागतो, तेव्हा हॅल आपल्याला भीती वाटते असे सांगतो. तो ओरडत नाही, आवाज कापत नाही. तो फक्त मंदावत जातो आणि लहानपणी शिकवलेली कविता म्हणावी तसे ‘डेझी बेल’ हे जुने गाणे म्हणू लागतो. या गाण्यामागे खरा इतिहास आहे: १९६१ साली बेल लॅब्जमध्ये आयबीएम ७०४ या संगणकाकडून हेच गाणे गाऊन घेतले होते आणि कथाकार आर्थर क्लार्क यांनी तो प्रयोग पाहिला होता. पण इतिहास ठाऊक नसलेल्या प्रेक्षकालाही त्या क्षणी खुन्याची दया येते. चार माणसांच्या मृत्यूला जबाबदार असलेल्या एका लाल दिव्याची दया! हे एका माणसाने केवळ श्वास आणि लय यांच्या बळावर घडवले.

आवाज न चढवता बसणाऱ्या अशा जरबेची ओळख मराठी प्रेक्षकाला निळू फुले यांनी फार आधी करून दिलेली आहे. त्यांचा पाटील किंवा साखरसम्राट जेव्हा जरब बसवायचा तेव्हा आवाज खाली आणायचा. मान किंचित तिरकी, डोळे अर्धे मिटलेले, आणि शब्द जणू ओठांतून गळून पडत असलेले. खेडोपाडीच्या बायका त्यांना खरोखरीचा दुष्ट समजत आणि प्रत्यक्षात तो माणूस राष्ट्र सेवा दलात घडलेला, साधा, चळवळींना हातभार लावणारा होता. आरोळीची गरज ज्याला सत्ता सिद्ध करायची आहे त्याला असते. ज्याच्याकडे ती वर्षानुवर्षे आहे तो कशाला ओरडेल, हे त्यांनी नेमके ओळखले होते. विज्ञानपट त्यांच्या वाट्याला आला नाही याची मला हळहळ वाटते. हॅलचे मराठी रूपांतर कोणी केले असते तर तो आवाज कोणाचा असावा याविषयी माझ्या मनात शंका नाही.

डार्थ व्हेडरची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, कारण तेथे एका खलनायकाचे अनेक नटांत तुकडे पाडले गेले. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये काळ्या पोशाखाच्या आत डेव्हिड प्राउस नावाचे ब्रिटिश वजन-उचल खेळाडू होते. सेटवर संवाद तेच म्हणत, पण त्यांचे उच्चार इंग्लंडच्या पश्चिमेकडील ग्रामीण वळणाचे असल्याने पुढे त्यांचा आवाज काढून टाकून जेम्स अर्ल जोन्स यांचा घालण्यात आला. श्वासाचा तो प्रसिद्ध घरघराट ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी पाणबुड्याच्या श्वसनयंत्रातून मिळवला. पुढच्या दोन चित्रपटांत तलवारीची झुंज बॉब अँडरसन यांनी केली आणि १९८३ मध्ये मुखवटा उतरला तेव्हा आत चेहरा निघाला सेबॅस्टियन शॉ यांचा. एवढ्या माणसांत वाटले गेलेले पात्र एकसंध कसे वाटते, हे मला कोडेच होते.

जोन्स यांच्याविषयी वाचल्यावर त्याचा थोडा उलगडा झाला. लहानपणी ते इतके अडखळत बोलत की कित्येक वर्षे त्यांनी बोलणेच जवळजवळ सोडले होते आणि शाळेत एका शिक्षकांनी कविता म्हणायला लावल्यावर त्यांची वाचा मोकळी झाली. पुढे हा माणूस रंगभूमीवरचा मातब्बर नट झाला. प्रत्येक शब्द जिंकून घ्यावा लागलेल्या माणसाचे वजन त्या आवाजात आहे असे मला वाटते, आणि हे माझे वाटणे आहे, पुरावा नव्हे. गंमत अशी की आपण केवळ विशेष परिणामाचा एक भाग आहोत असे मानून त्यांनी पहिल्या दोन चित्रपटांच्या श्रेयनामावलीत आपले नावही येऊ दिले नव्हते.

पण व्हेडरच्या आयुष्यातला सर्वांत खोल क्षण त्या आवाजाचा नाही. १९८३ च्या चित्रपटाच्या शेवटी सम्राट व्हेडरच्या मुलाला विजेच्या लोळांनी होरपळवत असतो. व्हेडर शेजारी उभा आहे. तो मुलाकडे पाहतो, सम्राटाकडे पाहतो, पुन्हा मुलाकडे पाहतो. काळ्या शिरस्त्राणावर निळा उजेड चमकतो. चेहरा नाही, डोळे नाहीत, शब्द नाही. एका जड टोपाचे डावी-उजवीकडे वळणे तेवढे आहे, आणि बाप आत जागा होत असल्याचे आपण पाहतो. २०११ च्या आवृत्तीत त्या जागी व्हेडरच्या तोंडी ‘नाही’ असा उद्गार घालण्यात आला. मी ती आवृत्ती पाहिली तेव्हा मला विष्णुदासांच्या काळातली राळ आठवली. प्रेक्षकाने स्वतःहून जे ओळखले होते ते कोणीतरी त्याच्या कानात ओरडून सांगितले होते.

श्वासाचा विषय निघालाच आहे तर एक छोटी नोंद करतो. व्हेडरचा श्वास सतत ऐकू येतो, म्हणून तो यंत्रासारखा दिसूनही जखमी माणूस वाटतो. याच्या उलट, १९९१ च्या ‘टर्मिनेटर २’मध्ये रॉबर्ट पॅट्रिक यांनी केलेला टी-१००० हा यंत्रमानव साध्या पोलिसाच्या वेषात असतो, बारीक अंगाचा, सौम्य चेहऱ्याचा. हा माणूस नाही हे कळावे म्हणून पॅट्रिक यांनी नाकाने श्वास घेत भरधाव धावण्याचा सराव केला, म्हणजे तोंड उघडून धापा टाकायला नको, आणि गोळी झाडताना पापणी न लववण्याचाही. गाडीमागे पळणारा हा पोलीस दमत नाही, एवढ्यावरच अंगावर काटा येतो. द्रवरूप धातूचे जे चमत्कार त्या काळी गाजले ते आज पाहिले तर जुने वाटू लागले आहेत. ते धावणे मात्र अजून तसेच आहे.

तंत्र जितके पुढे जाते तितके नटाचे काम कमी होते, असा एक समज आहे. तो समज २०१४ च्या ‘डॉन ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स’ने माझ्यापुरता तरी पुसून टाकला. त्यातला कोबा हा बोनोबो जातीचा वानर टोबी केबेल या इंग्लिश नटाने केला. अशा कामात नट अंगभर खुणांचा पोशाख आणि चेहऱ्यासमोर कॅमेरा बांधून वावरतो, त्याच्या हालचाली आणि स्नायूंची हालचाल टिपली जाते आणि नंतर न्यूझीलंडमधील कलाकार त्यावर वानराचे कातडे, केस, डोळे चढवतात. म्हणजे पडद्यावर केबेल यांचा एक केसही दिसत नाही. भाषाही जवळजवळ नाही. खुणा, हुंकार आणि मोजके तुटक शब्द.

प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे छळ सोसलेल्या कोबाचा एक डोळा निकामी आहे आणि अंगावर शस्त्रक्रियांचे व्रण आहेत. माणसांना धरण दुरुस्त करून वीज हवी आहे आणि वानरांचा नेता सीझर म्हणतो, त्यांना त्यांचे मानवी काम करू द्या. त्यावर कोबा आपल्या अंगावरच्या एकेका व्रणावर बोट ठेवत तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा उच्चारतो: मानवी काम. मानवी काम. मानवी काम. वाक्य एकच, पण प्रत्येक वेळी राग थोडा कमी आणि दुखणे थोडे अधिक. पुढे होणाऱ्या सगळ्या संहाराचे बीज तेथे आहे आणि त्या क्षणापुरते तरी त्याचे खोडून काढावे असे काही आपल्याला सापडत नाही.

याहूनही मोठा प्रसंग शस्त्रसाठ्यावरचा आहे. दोन पहारेकऱ्यांसमोर कोबा एकटाच जातो आणि सर्कशीतल्या माकडाचे सोंग घेतो. दात विचकतो, कोलांट्या मारतो, त्यांच्या दारूचा घोट घेऊन फवारतो. माणसे हसतात, सैल पडतात, आणि मग बंदूक त्याच्या हातात असते. नट वानर झाला आहे, तो वानर माकडाचे सोंग घेणारा नट झाला आहे, आणि सोंग गळून पडते तेव्हा चेहऱ्यावर काहीही उरत नाही. ती रिकामी नजर भयंकर आहे, कारण माणसांना काय पाहून हसू येते हे या प्राण्याने पिंजऱ्यात राहून शिकून घेतले असल्याचे तिने सांगितलेले असते. आपल्याकडच्या बहुरूप्यांच्या कलेत सोंगाआडून मधूनच खरा माणूस डोकावतो; केबेल यांनी ती किमया एकही खरा केस न दाखवता साधली आहे.

समोरचा नट काढून घेतला जातो तेव्हा काय होते, याचे उदाहरण ‘स्टार ट्रेक’मधला खान. मूळ मेक्सिकोच्या रिकार्डो माँटाल्बान यांनी ही भूमिका १९६७ मध्ये दूरदर्शन मालिकेच्या एका भागात केली आणि पंधरा वर्षांनी, १९८२ च्या चित्रपटात, पुन्हा केली. कथेत खान हा उत्तर भारतातला म्हणून सांगितलेला आहे, एवढाच त्याचा आपल्याशी संबंध; त्याच्या वागण्याबोलण्यात भारतीय असे काही शोधायला जाऊ नये. त्या चित्रपटात नायक आणि खलनायक समोरासमोर एकदाही येत नाहीत, दोघे आपापल्या यानांतून पडद्यावर बोलतात. हात उगारायला समोर कोणी नाही. मग माँटाल्बान तो सगळा सूड वाक्यांच्या चवीत ओततात. शत्रूचे नाव घेताना घास घोळवावा तसे. खान गर्जतो, छाती उघडी टाकतो, आरोळीच्या परंपरेशी त्याचे नाते आहे हे मला मान्य आहे. पण बायको गमावलेल्या विधुराचे दुःख त्या गर्जनेखाली सतत ठेवलेले असल्यामुळे ती पोकळ वाजत नाही.

आपल्याकडे मोगॅम्बोचा प्रतिस्पर्धी तर दिसतच नव्हता. १९८७ चा ‘मिस्टर इंडिया’ हा अदृश्य होण्याच्या यंत्राभोवती फिरतो, म्हणजे विज्ञानपटच. सोनेरी वेलबुट्टी, सिंहासन, खांद्यावरचे बिल्ले यांनी अमरीश पुरी यांना जवळपास गाडून टाकले होते. पुरी यांनी विमा महामंडळातील नोकरी सांभाळत सत्यदेव दुबे यांच्याबरोबर अनेक वर्षे रंगभूमीवर काम केले होते आणि १९७९ मध्ये त्यांना नाटकासाठीच संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. त्या साठवणीतून त्यांनी एक छोटीशी गोष्ट काढली. मोगॅम्बोची ओळख त्यांनी रागातून घडवली नाही, खुशीतून घडवली. तीन शब्दांचे ते वाक्य आणि सिंहासनाच्या हातावर फिरणारी बोटे. हट्ट पुरवला गेल्यावर लाडावलेले मूल जसे समाधानाने मान डोलावते तसा हा हुकूमशहा खुश होतो, आणि तो नाखुश झाला तर काय होईल याचा हिशेब हाताखालची माणसे व आपण आपापल्या मनात करत राहतो. ही भूमिका फार खोल आहे असा माझा दावा नाही. पण इतक्या थोड्या जागेत इतके कोरीव काम क्वचितच दिसते.

२०१० च्या ‘एंदिरन’मध्ये, म्हणजे आपण हिंदीत ‘रोबोट’ म्हणून पाहिला त्यात, रजनीकांत यांनी याच्या उलट दिशेने जाऊन पाहिले. पूर्वार्धातला चिट्टी हा यंत्रमानव सरळ, आज्ञाधारक, त्यांच्या सुप्रसिद्ध लकबी जणू कुलूपबंद ठेवलेला असा आहे. लाल चिप बसवल्यावर तोच चेहरा सगळ्या लकबी परत घेऊन येतो, मिटक्या मारत बोलतो, बकरीसारखा आवाज काढून शास्त्रज्ञाची थट्टा करतो, आणि ज्या रुबाबावर प्रेक्षकांनी आयुष्यभर शिट्ट्या वाजवल्या तोच रुबाब आता दुष्टपणाचा झालेला असतो. माझ्या भाच्याला तो भाग निव्वळ धमाल वाटतो. मला त्यात एका ताऱ्याने स्वतःकडे तिरक्या नजरेने पाहिल्यासारखे वाटते.

येथे एका आक्षेपाला उत्तर द्यायला हवे, कारण तो माझ्या घरातच घेतला गेला. भाच्याचे म्हणणे असे की खोली लेखक देतो. खलनायकाच्या लहानपणी त्याच्यावर झालेला अन्याय दाखवला की झाले. मला हे पटत नाही. अलीकडच्या चित्रपटांत खलनायकाला असे दुःखी बालपण चिकटवण्याची रीतच पडली आहे आणि बहुतेक वेळा ते दाखल्यासारखे जोडलेले दिसते. हॅलला बालपणच नाही. टी-१००० ला दुःख नाही. लेखकाचा वाटा मी नाकारत नाही. आमच्या सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त लोकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये सरकारने त्या नाटकावर बंदी घातली, ती ताकद लेखणीचीच होती. पण कागदावरचे दुःख आणि नटाच्या मानेतले दुःख यांत अंतर असते, आणि ते अंतर कोणीतरी रोज तालमीत चालून जावे लागते.

या सगळ्यांत मी रुटगर हाउअर यांना सर्वांत वर ठेवतो. १९८२ च्या ‘ब्लेड रनर’मधला त्यांचा रॉय बॅटी हा कृत्रिम मानव देखणा आहे, बलवान आहे, बुद्धिमान आहे, चेहरा, आवाज, शरीर सगळे त्याच्याजवळ आहे. काढून घेतला आहे तो काळ. अशा मानवांना चारच वर्षांचे आयुष्य दिलेले असते आणि त्याचे संपत आलेले आहे. हाउअर त्याला क्षणात लहान मुलासारखा खेळकर आणि क्षणात निर्दय करतात, आणि हे चार वर्षांच्या मुलाचेच वागणे आहे हे लक्षात आले की मागचे सगळे प्रसंग वेगळे दिसू लागतात. आपल्या निर्मात्याकडे तो आयुष्य मागायला जातो, नकार मिळाल्यावर त्याचे चुंबन घेतो आणि त्याच हातांनी त्याचा जीव घेतो. त्या चुंबनात खोटेपणा नाही, म्हणूनच पाहवत नाही.

शेवटी पावसात, गच्चीवर, ज्याने आपल्या साथीदारांना मारले त्याच पोलिसाला तो पडता पडता वर ओढून घेतो आणि त्याच्यासमोर बसून मरतो. त्या वेळचे भाषण संहितेत बरेच लांब होते. हाउअर यांनी ते आदल्या रात्री कापून लहान केले आणि शेवटी एक ओळ स्वतःची घातली: ते सगळे क्षण काळात हरवून जातील, पावसातल्या आसवांसारखे. बाकीच्यांकडून चित्रपटाने काढून घेतले होते. या नटाने शब्द आपणहून टाकून दिले. ज्याच्याजवळ वेळ उरलेला नाही तो लांब भाषण करणार नाही, इतका साधा विचार त्यामागे असावा. ती कथा नोव्हेंबर २०१९ मध्ये घडते असे चित्रपटाच्या आरंभी लिहिलेले आहे. हाउअर त्याच वर्षी जुलैत गेले. योगायोगाला मी अर्थ चिकटवत नाही, पण बातमी वाचली त्या रात्री मी तो प्रसंग पुन्हा लावून पाहिला होता आणि बाहेर आमच्या कृष्णाकाठी पाऊस होता. तो पाऊस पुढे पुराचा ठरला.

दुसऱ्या तालमीला मी त्या मुलाला ॲप बंद करायला सांगितले. शिरस्त्राण राहू दिले, कारण त्याने ते फार कष्टाने केले होते. त्याच्या आतून त्याला पुरेसे दिसत नव्हते, त्यामुळे कोणी बोलले की आवाजाच्या दिशेने तो आपोआप सावकाश मान वळवी, आणि हे मी त्याला मुद्दाम सांगितले नाही, नाहीतर तो ते करून दाखवू लागला असता. गर्जनेऐवजी काय करू, असे त्याने विचारले तेव्हा माझ्या दिग्दर्शकाने मला विचारलेलाच प्रश्न मी त्याला विचारला: तुला हे पाणी कशासाठी हवे आहे?

तो बराच वेळ टोपात गप्प होता. मग आतून आवाज आला, “सर, माझ्या ग्रहावर माझं कोण कोण आहे?”

मी संहिता उघडून पाहिली. मुलांनी ते लिहिलेलेच नव्हते. पुढची तालीम मंगळवारी आहे, आणि लिहिणाऱ्या दोघींना मी त्याआधी घरी बोलावले आहे.